घड्याळाची साक्ष : बेरिल बर्टन यांची सायकल-कारकीर्द

(व्याख्यानाचा मजकूर)



इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. लोकरीच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि चढउतारांचे रस्ते यांसाठी तो एकेकाळी प्रसिद्ध होता. या परगण्यातील लीड्स शहराला लागूनच मॉर्ले हे गिरण्यांचे गाव आहे. गावाच्या आसपास रुबार्ब नावाच्या वनस्पतीची शेती होते. तिचे लालसर, आंबट देठ साखरेत शिजवून गोड पदार्थांत घालतात. जमिनीखाली वाढणारे तिचे गड्डे वजनाला चांगलेच जड असतात आणि हिवाळ्याच्या थंडीत ते उपटून अंधाऱ्या छपराखाली हलवावे लागतात. अशा मळ्यात वर्षानुवर्षे राबणारी एक स्त्री सुटीच्या दिवशी पहाटे सायकलवर बसे आणि देशातील सर्व स्त्रियांना, पुष्कळदा पुरुषांनाही, मागे टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळ्यात हजर होई. त्या स्त्रीचे नाव बेरिल बर्टन.

रस्त्यावरील शर्यतीत दोनदा आणि व्हेलोड्रोमच्या गोल धावपट्टीवर पाच वेळा अशी एकूण सात जागतिक विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. ब्रिटनमधील सर्वोत्कृष्ट अष्टपैलू महिला सायकलपटू हा मान त्यांनी १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे आपल्याकडे राखला. एका खेळाडूने पाव शतक अग्रस्थानी राहावे, ही गोष्ट कोणत्याही खेळात दुर्मिळच म्हणावी लागेल. तथापि, ही कारकीर्द अभ्यासावी ती केवळ या आकड्यांसाठी नव्हे. एखाद्या मुलीविषयी समाजाने फार लवकर निकाल देऊन टाकला, आणि एका साध्या, निःपक्षपाती मोजमापाने तो निकाल फिरवला, असे तिचे खरे स्वरूप आहे. ज्यांच्या हाती शाळा, पंचायती आणि कार्यालये सोपवलेली आहेत, त्यांनी ती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे.

आजारी मुलगी

बेरिल यांचा जन्म १२ मे १९३७ रोजी लीड्स येथे झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांना अकराव्या वर्षाच्या सुमारास एक परीक्षा द्यावी लागे. तिच्या निकालावर पुढील शाळा, आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढील आयुष्यही, ठरत असे. या परीक्षेत बेरिल अनुत्तीर्ण झाली. त्याच सुमारास तिला संधिवाताच्या तापाने आणि त्यातून उद्भवणाऱ्या मज्जाविकाराने गाठले. नऊ महिने रुग्णालयात आणि त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष समुद्रकाठच्या साउथपोर्ट गावातील आरोग्यधामात, अशी दोन वर्षे तिने अंथरुणावर काढली. हा ताप हृदयाला इजा करणारा असल्याने, अंगमेहनतीची कामे टाळावीत असा डॉक्टरांचा सल्ला पडला. अभ्यासात मागे आणि शरीराने दुबळी, असे दोन शिक्के वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच तिच्यावर बसले.

शाळा सुटल्यावर तिला एका कपड्यांच्या कारखान्यात काम मिळाले. तेथे चार्ली बर्टन या तरुणाशी तिची ओळख झाली. चार्ली सायकलचे शौकीन होते आणि एका स्थानिक सायकल मंडळाबरोबर फेऱ्या मारीत. त्यांच्या संगतीने बेरिलही सायकलवर बसली. सुरुवातीला तिला इतरांच्या बरोबरीने राहणे कठीण जाई आणि चढावर चार्लींना तिच्या पाठीवर हात ठेवून तिला रेटावे लागे. १९५५ साली दोघांचा विवाह झाला आणि १९५६ च्या जानेवारीत त्यांना डेनिझ ही कन्या झाली. संसार लहानच होता, मिळकत बेताची होती आणि घरात तान्हे मूल होते. पुढे जिला जग जिंकायचे होते त्या स्त्रीची सुरुवात ही अशी झाली.

रस्ता, घड्याळ आणि नोंदवही

येथे इंग्लंडमधील एका क्रीडापरंपरेची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून बर्टनबाईंचे कर्तृत्व उमगणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रस्त्यांवर सायकलींच्या घोळक्याने होणाऱ्या शर्यतींना पोलिसांचा विरोध होऊ लागला. घोडागाड्या उधळतात, वाटसरूंना त्रास होतो, अशा तक्रारी होत्या. सायकलपटूंच्या मुख्य संघटनेनेही रस्त्यावरील शर्यतींपासून अंग काढून घेतले. तेव्हा काही उत्साही मंडळींनी एक तोड शोधली. स्पर्धकांनी एकत्र निघण्याऐवजी एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकट्याने निघायचे, ठरलेले अंतर कापायचे आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो विजयी, असा हा प्रकार होता. शर्यत भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना होई. मार्गाला खुणेचे सांकेतिक नाव असे आणि स्पर्धक नजरेत भरू नयेत म्हणून अंगभर काळे कपडे घालीत. १९३७ साली या शर्यतींसाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

घड्याळाविरुद्धच्या या शर्यतीचे वैशिष्ट्य असे की, तिला मैदान लागत नाही, तिकीटघर लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. रस्ता, एक बिनचूक घड्याळ आणि एक नोंदवही एवढी सामग्री पुरते. दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाला राहून वारा चुकवण्याची येथे परवानगी नसते. पंचांची मर्जी किंवा डावपेच यांनाही फारसा वाव नसतो. २५, ५० आणि १०० मैल ही तिची मुख्य अंतरे. या तिन्ही अंतरांवरील वर्षभरातील उत्तम वेगांची सरासरी काढून महिलांमधील सर्वोत्कृष्ट अष्टपैलू सायकलपटू ठरवली जाई. शाळेने आणि वैद्यकाने नापास केलेल्या मुलीला अशा मोजमापाचीच गरज होती. तिचा पूर्वेतिहास घड्याळाने विचारला नाही.

मॉर्ले सायकलिंग क्लबच्या सदस्य या नात्याने बर्टनबाई शर्यतींत उतरू लागल्या. १९५७ साली १०० मैलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. १९५९ पासून अष्टपैलूत्वाचा मान त्यांच्याकडे आला तो १९८३ पर्यंत कोणालाही हिरावून घेता आला नाही. २५ मैलांचे अंतर एका तासाच्या आत कापणारी पहिली स्त्री असा लौकिक त्यांनी १९६३ साली मिळवला. पुढे ५० मैलांसाठी दोन तासांची आणि १०० मैलांसाठी चार तासांची मर्यादाही स्त्रियांमध्ये प्रथम त्यांनीच ओलांडली. १९६८ साली १०० मैलांसाठी त्यांनी ३ तास ५५ मिनिटे ५ सेकंद असा वेळ दिला. तो विक्रम २८ वर्षे टिकला.

या सर्व काळात त्या हौशी खेळाडूच राहिल्या. उपजीविकेसाठी त्यांनी मॉर्लेतील निम कार्लाइन यांच्या रुबार्बच्या मळ्यात मजुरी केली. कार्लाइन हे स्वतः दीर्घ अंतराचे नामांकित सायकलपटू आणि त्यांच्याच क्लबातील सहकारी होते. मळ्यातील ओणवे राहण्याच्या आणि वजन उचलण्याच्या कामाने बर्टनबाईंची पाठ आणि पाय कणखर झाले. दिवसभराच्या श्रमानंतर त्या सरावासाठी सायकल बाहेर काढीत. चार्लींनी आपली शर्यतीची हौस बाजूस ठेवली आणि सायकलची दुरुस्ती, प्रवास, शर्यतीच्या वाटेवर खाणेपिणे पुरवणे व मुलीची देखभाल ही कामे पत्करली. पतीने पत्नीच्या कर्तृत्वासाठी मागे उभे राहावे, ही गोष्ट त्या काळच्या गिरणगावातही नित्याची नव्हती.

जागतिक धावपट्टीवर

जागतिक सायकल स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९५८ साली. त्यानंतर एकाच वर्षाने, बेल्जियममधील लिएज येथे, बर्टनबाईंनी वैयक्तिक पाठलाग शर्यतीचे विजेतेपद पटकावले. पाठलाग शर्यतीत दोन स्पर्धक गोल धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच क्षणी सुटतात आणि एकमेकांना गाठण्याचा प्रयत्न करतात. त्या काळी स्त्रियांसाठी हे अंतर ३,००० मीटर होते. धावपट्टीच्या सायकलला ब्रेक नसतो आणि चाक फिरत आहे तोवर पायांना विसावा घेता येत नाही. काही मिनिटांत सारी शक्ती ओतावी लागते. उलट रस्त्यावरील शर्यत काही तास चालते. तीत चढ, वळणे, वारा आणि प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच यांच्याशी झुंजावे लागते. या दोन्ही प्रकारांत जगज्जेतेपद मिळवणारे खेळाडू थोडे. १९६० साली पूर्व जर्मनीत भरलेल्या स्पर्धेत बर्टनबाईंनी हे दोन्ही मान एकाच वर्षी जिंकले.

पाठलाग शर्यतीत १९५९, १९६०, १९६२, १९६३ आणि १९६६ अशी पाच सुवर्णपदके, तीन रौप्य आणि चार कांस्यपदके त्यांनी मिळवली. रस्त्यावरील शर्यतीत १९६० आणि १९६७ ची दोन सुवर्णपदके आणि १९६१ चे एक रौप्यपदक त्यांच्याकडे आहे. १९६७ पासून सोव्हिएत संघाच्या तमारा गार्कुशिना यांनी पाठलाग शर्यतीत वर्चस्व प्रस्थापित केले. तरीही १९७३ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, बर्टनबाई पदकविजेत्यांत होत्याच. पूर्व युरोपातील प्रतिस्पर्ध्यांना शासनाचा भक्कम पाठिंबा होता. बर्टनबाई मात्र मळ्यातील काम सांभाळून स्पर्धेला जात.

१९६७ चा सप्टेंबर

१९६७ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समधील हेरलेन येथे रस्त्यावरील जागतिक शर्यत जिंकून बर्टनबाई मायदेशी परतल्या. त्याच महिन्यात यॉर्कशायरमधील ऑटली सायकलिंग क्लबने १२ तासांची शर्यत भरवली होती. बारा तासांत जो सर्वांत अधिक अंतर कापील तो विजयी, असा या शर्यतीचा नियम. स्त्रियांची आणि पुरुषांची स्पर्धा वेगवेगळी मोजली जाणार होती, परंतु दिवस एक होता आणि रस्ताही एकच होता. पुरुष आधी सोडण्यात आले, त्यांच्यामागून स्त्रिया निघाल्या.

पुरुषांमध्ये माइक मॅक्नमारा हे आघाडीवर होते. ते त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते. बर्टनबाई एकामागून एक पुरुष स्पर्धकांना ओलांडत पुढे सरकत होत्या. दोनशे मैलांहून अधिक अंतर गेल्यावर मॅक्नमारा त्यांना समोर दिसले. त्यांना गाठल्यावर क्षणभर काय बोलावे हे बाईंना सुचेना. त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. मॅक्नमारांनी ती घेतली, आभार मानले आणि बाई पुढे निघून गेल्या.

बारा तासांचा हिशेब झाला तेव्हा बर्टनबाईंनी २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापल्याची नोंद झाली. मॅक्नमारांची नोंद २७६.५२ मैलांची होती. ती पुरुषांचा नवा विक्रम ठरली, आणि तरीही त्या दिवसाची ती दुसऱ्या क्रमांकाची नोंद होती. पुरुषांना बर्टनबाईंचा आकडा ओलांडण्यास १९६९ साल उजाडावे लागले. स्त्रियांमध्ये तो अबाधित राहिला तो २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल ५० वर्षे. त्या वर्षी ॲलिस लेथब्रिज यांनी तो मोडला.

या प्रसंगाचे महत्त्व एका विक्रमापुरते नाही. स्त्रीच्या शरीराला दीर्घ श्रम झेपत नाहीत, या समजुतीवर त्या काळी अनेक क्रीडासंघटनांचे नियम उभे होते. तिला उत्तर म्हणून भाषणे झाली, लेख लिहिले गेले. परंतु नोंदवहीतील एका ओळीइतके बोलके उत्तर दुसरे नव्हते. त्याच वर्षी ब्रिटनच्या नभोवाणी संस्थेने दिलेल्या वार्षिक क्रीडा-सन्मानात बर्टनबाईंना मुष्टियोद्धे हेन्री कूपर यांच्या खालोखाल दुसरे स्थान मिळाले.

उशिरा उघडलेली दारे

बर्टनबाईंच्या पदकांच्या यादीत ऑलिंपिकचे एकही पदक नाही, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण सरळ आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सायकल शर्यतच नव्हती. रस्त्यावरील शर्यत स्त्रियांसाठी प्रथम सुरू झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. तेव्हा बर्टनबाई ४७ वर्षांच्या होत्या. ज्या पाठलाग शर्यतीत त्या पाच वेळा जगज्जेत्या ठरल्या होत्या, ती स्त्रियांच्या ऑलिंपिक कार्यक्रमात येण्यास १९९२ साल उजाडले. अन्याय करण्याचा कोणाचा हेतू असेल असे नाही. चालत आलेला नियम तपासून पाहण्याची कोणाला निकड वाटली नाही, इतकेच. परंतु नियम बदलण्यास लागलेला प्रत्येक विलंब कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होत असतो.

१९६८ साली फ्रान्समधील ग्रां प्री दे नासिओं या नामवंत व्यावसायिक शर्यतीच्या आयोजकांनी त्यांना पुरुषांच्या मार्गावर सायकल चालवण्यास निमंत्रण दिले. त्यांची वेळ अधिकृत निकालात धरली जाणार नव्हती. तरीही ताशी ४१ किलोमीटरहून अधिक वेगाने त्यांनी तो मार्ग पूर्ण केला. शर्यत जिंकली इटलीच्या फेलिचे जिमोंडी यांनी, पण पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली ती निकालपत्रकाबाहेरची ही स्त्री. शासनाने त्यांना १९६४ साली एम.बी.ई. आणि १९६८ साली ओ.बी.ई. हे सन्मान दिले.

मायलेकी

थोर खेळाडूंच्या चरित्रात केवळ गुणच सांगण्याची प्रथा आहे. ती येथे पाळणे योग्य होणार नाही. जिंकण्याची ईर्षा बर्टनबाईंच्या ठायी इतकी प्रखर होती की, कधीकधी तिची झळ घरालाही लागे. कन्या डेनिझ हीही उत्तम सायकलपटू झाली. १९७२ साली मायलेकी जागतिक स्पर्धेत एकाच संघातून उतरल्या. १९७५ साली डेनिझने पाठलाग शर्यतीत जागतिक कांस्यपदक मिळवले. १९७६ च्या राष्ट्रीय रस्ता-शर्यतीत अखेरच्या धावेत तिने आईला मागे टाकले आणि विजेतेपद जिंकले. पारितोषिक समारंभात आईने मुलीशी हस्तांदोलन केले नाही. पुढे गेलेल्या तुकडीत मुलीने आपल्या वाट्याचे श्रम केले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

हा प्रसंग बर्टनबाईंना शोभा देणारा नव्हता आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तो लपवूनही ठेवला नाही. सुदैवाने दुरावा कायमचा राहिला नाही. १९८२ साली त्याच मायलेकींनी दोघींनी मिळून चालवायच्या टँडम सायकलवर १० मैलांचे अंतर २१ मिनिटे २५ सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला. एकाच सायकलवर बसल्यावर दोघींना एकाच गतीने पाय फिरवावे लागतात, हे येथे लक्षात घ्यावे.

अखेरची फेरी

वयाच्या चाळिशीनंतरही बर्टनबाईंनी स्पर्धा सोडल्या नाहीत. १९८६ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांनी वैयक्तिक राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. देशांतर्गत राष्ट्रीय विजेतेपदांची त्यांची एकूण संख्या नव्वदीच्या पुढे जाते. त्यांतील १२ रस्त्यावरील शर्यतीची, १३ पाठलाग शर्यतीची आणि उरलेली बहुसंख्य घड्याळाविरुद्धच्या शर्यतींची आहेत.

५ मे १९९६ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवसाची निमंत्रणे देण्यासाठी त्या सायकलवरून बाहेर पडल्या असता, हृदयक्रिया बंद पडून वाटेतच त्यांचे निधन झाले. मॉर्ले येथे त्यांच्या स्मरणार्थ एक छोटी बाग उभारण्यात आली आहे.

या चरित्राचा उपयोग

वैद्यकीय सल्ला धाब्यावर बसवावा, असा या चरित्राचा अर्थ कोणीही घेऊ नये. संधिवाताच्या तापाची हृदयावरील छाया खरी असते आणि तिची नियमित तपासणी होणे अगत्याचे असते. चरित्र सांगते ते निराळे आहे. आजारी मुलाला आज काय झेपत नाही हे सांगणे वैद्याचे काम आहे. त्याला कधीच काही झेपणार नाही असे ठरवून टाकणे हे कोणाचेच काम नव्हे. अकराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेलाही हाच न्याय लागू आहे. शिक्षकांच्या हातून दरवर्षी अनेक मुलांच्या नावापुढे शेरे पडतात. ते पेन्सिलीने लिहिलेले असावेत, शाईने नव्हे.

दुसरी गोष्ट साधनांची. मैदान नाही, निधी नाही, म्हणून खेळ नाहीत, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ती अनेकदा खरीही असते. तथापि, बर्टनबाईंची गुणवत्ता प्रथम उघड झाली ती साध्या रस्त्यावर, पहाटेच्या वेळी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेल्या एका मंडळाच्या नोंदवहीत. ही नोंद प्रामाणिकपणे ठेवणारे वेळमापक आणि कार्यकर्ते होते, म्हणूनच मळ्यातील एका मजूर स्त्रीचा पराक्रम पन्नास वर्षांनंतरही वादातीत राहिला. नोंद नीट ठेवणे हे कारकुनी काम समजले जाते, परंतु दुर्बलांच्या बाजूने साक्ष देणारा तोच एक कागद पुष्कळदा असतो.

तिसरी गोष्ट नियमांची. एखाद्या स्पर्धेत, सभेत किंवा योजनेत मुलींची जागा का नाही, याचे उत्तर 'आजवर नव्हती' एवढेच असेल, तर तो नियम तपासण्याची वेळ आली आहे असे समजावे. तपासणी लांबवण्याने कोणाचे किती नुकसान झाले, हे १९८४ साली ४७ वर्षांच्या झालेल्या एका खेळाडूच्या पदकांच्या यादीत, न मिळालेल्या पदकाच्या रूपाने, आजही पाहावयास मिळते.